गडावरचा दोरा

दोरा बांधताना चैतालीनं एकच अट घातली होती: बाळ हातात येईपर्यंत हा काढायचा नाही. सप्तशृंगीच्या गडावर, उतरत्या उन्हात, तिनं नवऱ्याच्या उजव्या मनगटाला तो लाल दोरा घट्ट गाठींनी आवळला आणि गोंड्याचं टोक लोंबतं ठेवलं. याआधी दोनदा तिची कूस भरली आणि रिती झाली होती. आता पाचवा महिना होता. अशा बाईशी दोऱ्यावरून वाद घालायला नवनाथ काही खुळा नव्हता.

पण नवनाथ अंबडच्या एका कारखान्यात ड्रिल मशीनवर होता, आणि तिथले फोरमन सावळीराम भाऊ यांचा देव वेगळा. त्या देवाला घड्याळ, अंगठी, गंडादोरा, लांब बाही, काहीच चालत नसे.

"फिरत्या ड्रिलला माणूस वळखू येत नाय," भाऊ म्हणाले. "त्याला दोरा घावला की ते गुंडाळीत बसतं. दोऱ्यामागं हात जातो. काढ तो."

"भाऊ, नवसाचा हाय."

"मग पॅकिंगला बस. मशीनवर नको."

नवनाथनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी लांब बाह्यांचा शर्ट घालून आला. दोरा बाहीत लपला. एक चूक झाकायला माणूस दुसरी चूक अंगावर चढवतो आणि वर स्वतःला हुशार समजतो! भाऊंकडं दोन शेड होत्या. ते पलीकडं गेले की याचं ड्रिल सुरू. ते आले की हा तेल आणायला गायब. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

चैत्रातलं ऊन पत्र्यावर तापत होतं. ड्रिल एका सुरात गुणगुणत होतं, त्याला गार ठेवणारं दुधासारखं पाणी वरून ओघळत होतं, आणि लोखंडाचे कुरळे छिलके चकाकत खाली पडत होते. नवनाथचे डोळे उघडे होते, पण मनानं तो कधीच गडाच्या पायऱ्या चढायला लागला होता. तेवढ्यात मनगटाला हलकी ओढ बसली. लहान लेकरानं बोट धरून 'चला ना' म्हणावं, तशी. त्यानं हात मागं घेतला, ओढ सुटली. त्याला उलट बरंच वाटलं. गडावरच्या आईनं आठवण काढली असेल, असं म्हणत त्यानं मशीन बंद केलं, कारण जेवणाचा भोंगा झाला होता.

भाकरी-ठेचा पोटात गेल्यावर तो शेडमागच्या लिंबाखाली पुठ्ठा टाकून आडवा झाला.

मग शेडमध्ये कापराचा वास आला. सगळी मशीनं फिरत होती, पण आवाज कुठलाच नव्हता. दारातून आई आत आली. शेंदरी, उंच, मोठ्या डोळ्यांची. तिच्यासाठी पत्रा आपोआप वर सरकला. ती सरळ नवनाथच्या ड्रिलपाशी उभी राहिली आणि बांगड्या उतरवायला लागली. एका हातातल्या झाल्या, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. अठरा हात ते, वेळ लागणारच. काढलेल्या बांगड्या ती तेलकट ट्रेमध्ये ठेवत होती आणि त्यांची किणकिण हळूहळू सगळ्या शेडभर पसरत होती.

"आई, भरल्या हातातल्या बांगड्या काढतेस?" नवनाथ घाबरून म्हणाला. "बरं नाय दिसत."

"कामाला उभी राहतेय ना," ती म्हणाली. "बांगड्या परत भरता येतात रे. मला इतके हात, तरी त्यातला एक द्यायची माझी तयारी नाही. तुला किती आहेत?"

नवनाथनं मोजायला खाली पाहिलं आणि भोंगा झाला.

डोळे चोळत तो मशीनपाशी आला. हिरव्या बटणाकडं हात नेला आणि तसाच थांबला. ड्रिलभोवती लाल गोंडा गच्च गुंडाळला गेला होता. त्यानं बाही सारली. दोऱ्याचं टोक तुटलेलं होतं. मघाची ती ओढ कुणाची होती, हे त्याला तेव्हा कळलं. तो तिथंच खाली बसला.

सावळीराम भाऊ धावत आले. ड्रिलकडं पाहिलं, मनगटाकडं पाहिलं. तोंडाचा पट्टा सोडतील असं वाटलं होतं, पण ते शेजारी उकिडवे बसले आणि नखानं गाठी सोडवायला लागले. नवनाथनं कात्री पुढं केली.

"कापू नको," ते म्हणाले. "नवसाचा हाय ना."

संध्याकाळी रिकामं मनगट पाहून चैतालीचा चेहरा पांढरा पडला. नवनाथनं दोरा आणि तुटका गोंडा तिच्या तळहातावर ठेवला आणि काही न लपवता, स्वप्नासकट सगळं सांगितलं. ती रागानं रडली. मग तिनं त्याचा हात ओढून घेतला आणि एकेक बोट चाचपून पाहिलं.

"काम झाल्यावर आईनं बांगड्या परत भरल्या का?" तिनं विचारलं.

"ते दिसायच्या आधीच भोंगा झाला."

"भरल्याच असतील," तिनं ठरवून टाकलं आणि दोरा परत बांधला.

तेव्हापासून तसंच चाललं. सकाळी ती दोरा सोडून देवापुढं ठेवायची. संध्याकाळी तो दारात आला की आधी म्हणायची, "हात दाखवा." दोन्ही हात नीट पाहायची, मगच बांधायची.

श्रावणात भर दुपारी फोन आला. नवनाथ तेलकट हातांनीच दवाखान्यात पळाला. वाटभर एकच भीती त्याचं काळीज कुरतडत होती: नेमक्या या घडीला दोरा हातात नाही. खोलीच्या दारात तो थबकला. आत जायचा धीर होईना.

खाटेवरून चैतालीनं दमल्या डोळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं.

"आधी हात धुवून या," ती म्हणाली.

तो धुवून आला.

"हात दाखवा."

सवयीनं त्यानं दोन्ही हात पुढं केले. तिनं ते नेहमीसारखे नीट पाहिले, आणि त्यांत लेक ठेवली.