डावीकडे वळताना

धाकटीने मोटरसायकलचं जुनं हँडल सोडवून बाजूला ठेवलं आणि थोरलीने मान फिरवली. बिनहँडलची गाडी तिला बघवत नसे. आरसे काढलेले, दिव्याची बटणं वायरींवर लोंबकळत होती, आणि ब्रेकच्या तेलाची डबी तिने स्वतः दोन्ही हातांत धरली होती.

"सरळ धर, ताई. आडवी झाली तर हवा शिरेल."

"सरळच आहे. हात थरथरतोय माझा, डबी नाही."

"मग हाताला समजाव."

दोघी साठी ओलांडलेल्या. दोघींचे नवरे गेल्यावर एकाच घरात राहायला आल्या, आणि धाकटीबरोबर ही लांब पल्ल्याची अवजड गाडीही आली. धाकटी या गाडीवरून कुठे कुठे भटकली, पण कधी पडली नाही. पडली ती मागच्या वर्षी न्हाणीघरात, आणि डावा खांदा कायमचा धरून बसला. जुनं हँडल खाली होतं. ओणवं बसलं की खांद्यात आग व्हायची. म्हणून हे नवं आणलं, उंच, अंगाकडे वळलेलं. उद्या सकाळी ती घाट ओलांडून मैत्रिणीकडे निघणार होती. एकटी.

थोरलीला या खांद्याची, घाटाची आणि उद्याच्या सकाळची भीती वाटत होती. धाकटीशिवाय तिला आता रक्ताचं माणूस उरलं नव्हतं.

त्यांच्या बाबांचं गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं. रॉकेलने धुतलेल्या पान्यांचा तो वास थोरलीला अजून कधीमधी उगीचच यायचा. दुकानाचा एक नियम होता: ज्याने आवळलं, त्याने तपासायचं नाही. धाकटी फ्रॉक खोचून बोल्ट आवळायची आणि थोरलीला उचलून सीटवर बसवलं जायचं. "भित्र्या माणसाचा कान तिखट असतो," बाबा म्हणायचे. ती "जाऊ दे" म्हणेपर्यंत गाडी दुकानाची पायरी उतरत नसे. त्या वयात तिला केवढा मोठेपणा वाटायचा त्याचा.

पण अलीकडे त्या कानाची पत गेली होती. कधी चाकात हवा कमी, कधी साखळी कुरकुरते, असं काहीबाही सांगून तिने धाकटीचे बेत मोडले होते. धाकटीच्या ते लक्षात आलं नसेल, असं नाही.

नवं हँडल बसलं. धाकटीने बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले, मुठी चढवल्या, डबी जागेवर लावली. "चढ आता. आणि खरं ऐकू आलं तरच बोल."

थोरली चढली. गाडी सुरू केली, न्यूट्रलमध्येच. डोळे मिटून तिने हँडल उजवीकडे नेलं. इंजिन शांतपणे गुरगुरत राहिलं. मग डावीकडे. शेवटच्या टोकाला जाताना इंजिनचा आवाज आपोआप चढला.

तिने डोळे उघडले. "चिमे, रेस होतेय गाडी."

"तू मूठ पिळलीस."

"नाही पिळली. मुठीची केबल ताणतेय."

"आज केबल. मागच्या खेपेला साखळी होती." धाकटी हसली, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "उतर. फाटकापर्यंत नेऊन दाखवते तुला."

"नको ना."

"जन्मभर नकोच म्हणत आलीस, ताई."

ती सीटवर बसली. थोरली तिच्या उजव्या हाताशी अगदी चिकटून, जीव मुठीत धरून चालू लागली. फाटकाकडे जायला भिंतीपाशी डावीकडे वळावं लागे. धाकटीने गियर टाकला, क्लच हळूहळू सोडला, हँडल वळवलं. इंजिन किंचाळलं. क्लच पुन्हा दाबायला गेलेला डावा हात खांद्यातून कळ येऊन अर्ध्यावरच सैल पडला आणि गाडीने भिंतीकडे झेप घेतली.

थोरलीला नंतर आठवेना की ती कशी धावली. तिचा अंगठा मुठीजवळच्या लाल बटणावर आपटला एवढंच कळलं. इंजिन मेलं. पुढचं चाक भिंतीला लागून थांबलं. भिंतीचा चुना चाकावर सांडला.

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"घाटात झालं असतं तर?" तीच शेवटी म्हणाली.

थोरली वाकून चाकावरचा चुना पुसू लागली.

चूक साधी होती. हँडल उंच झालं, पण केबल जुन्याच वाटेने, पुढच्या दांड्याला बाहेरून वळसा घालून नेली होती. डावीकडे वळलं की ती पुरत नव्हती, ताणली जाऊन आपोआप रेस देत होती. धाकटीने ती सोडवली, आतल्या जवळच्या वाटेने घेतली. ढील राहिली. भिंतीला घासलेलं चाक फिरवून पाहिलं, पुन्हा सगळं आवळलं, आणि या वेळी हात जोडल्यासारखी बाजूला उभी राहिली. "बघ, ताई. तू म्हणशील तसं. नको म्हणालीस तर उद्याचं रद्द. शपथ."

थोरली चढली. उजवीकडे नेलं. डावीकडे, अगदी टोकाला. इंजिन एका सुरात चाललं होतं. मूठ पिळून सोडली, ती झटकन मागे आली. ब्रेक घट्ट. तिने पुन्हा डावीकडे नेलं, आणि पुन्हा. काहीतरी सापडावं म्हणून कान ताणले.

काही नव्हतं. आणि आज ती काहीही बोलली असती तरी धाकटीने मानलं असतं. "अजून ताणतेय" एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले. पण मग पुढच्या वेळी, खरंच काही वाजलं तेव्हा?

तिने गाडी बंद केली. हात मुठींवरून निघेनात. एकेक बोट सोडवावं लागलं.

"केबल नीट आहे," ती म्हणाली. "खांदा नीट नाही. वाटेत थांबत जा."

"म्हणजे?"

"म्हणजे जाऊ दे."

धाकटीने आरसे उचलले आणि बसवायला घेतले. थोरली उतरली आणि तिला एकेक पाना देत तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.