तुदाचा कोरा पेपर

तुदाने गणिताचा पेपर कोरा दिला, तेव्हा बासू उस्तादांना आधी वाटलं, आपलीच नजर दगा देतेय. अख्ख्या शाळेत तिच्यासारखं डोकं नव्हतं.

दादेस खोऱ्यातल्या त्या माध्यमिक शाळेचा निकाल दरवर्षी झकास लागायचा, आणि तेच शाळेच्या मुळावर आलं होतं. पोरं पास होऊन शहरात जायची, मागोमाग त्यांची घरंही उठायची. यंदाचा शेवटचा वर्ग सगळा पास झाला, तर उरलेल्या मूठभर पोरांसाठी शाळा चालवायची नाही, असं वरून कळवलं होतं. एक जण मागे राहिला तरी संख्या भरत होती.

पहाटे उस्ताद गुलाबाच्या मळ्यात गेले. अवघं खोरं वासाने गुंगलं होतं आणि धुक्यात बायका झोपेत चालल्यासारख्या फुलं खुडत होत्या. तुदाही खुडत होती. पेपराचं विचारताच तिने हात न थांबवता सांगून टाकलं.

"इत्तोला बाबा शहरात नाही पाठवणार, उस्ताद. मी नापास झाले तर तिची शाळा तरी राहील."

इत्तो तिची धाकटी बहीण, यंदाच याच शाळेच्या पहिल्या वर्गात आलेली. उस्तादांना भरून आलं. खोटं कशाला बोला, क्षणभर मोहही झाला. त्यांचं सारं आयुष्य त्या शाळेत गेलं होतं.

तरी त्यांनी पेपरातला पहिला प्रश्न तोंडी विचारला. तुदाने मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं. मग तिचा हात थबकला. चुकीचं उत्तर तसंच सोडून देणं तिला जमेना.

"चुकलं," ती पुटपुटली, आणि बरोबर उत्तर सांगितलं. मग सगळीच सांगितली, डोळे पुसत, फुलं खुडत.

"पास झालीस," उस्ताद म्हणाले. "इत्तोच्या शाळेचं मी बघतो."

शाळेला कुलूप लागलं. उस्तादांना आपल्या मूळ गावी बदली मिळत होती. ती नाकारून त्यांनी शहरातली शाळा मागून घेतली. सप्टेंबरात पोरांची रोज शहरात ने-आण करणारी गाडी आली, तेव्हा पोरींचा बाप मोहा दारात हाताची घडी घालून उभा होता. उस्ताद ड्रायव्हरशेजारी बसले होते.

"रोज तुम्ही जाणार हिच्याबरोबर?"

"जाताना, आणि येतानाही."

"दमाल. वय झालंय तुमचं."

"मग इत्तो हात देईल."

मोहा हसला नाही, पण बाजूला सरला. इत्तो गाडीत चढली.

जुन्या शाळेवरून गाडी गेली, तेव्हा सगळ्या पोरांनी माना वळवून पाहिलं. उस्ताद समोरच्या रस्त्याकडेच पाहत राहिले.