परत न येणाऱ्यांचा कोट

मी एक निळा कोट बोलतोय. अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात, एका लॉ कॉलेजच्या तळमजल्यावरच्या खोलीत, इतर उसन्या कोटांच्या रांगेत मी टांगलेला असतो. ज्यांच्या घराण्यात कुणी कोर्टाची पायरी वकील म्हणून चढलं नाही, अशी पोरं मला मुलाखतीसाठी उसना नेतात आणि शुक्रवारी आणून देतात.

मला विकत घेणारी बाई मात्र मोठी वकील होती. तिने मला एकदाही अंगाला लावलं नाही, नुसतंच दान करून टाकलं. त्यामुळे माझे खिसे शिवलेलेच राहिले. मागे कमरेखाली जी चीर असते, तिच्यावर शिंप्याने मारलेली पांढऱ्या दोऱ्याची फुलीही राहिली. ती घालण्याआधी कापायची असते. पण पोरांना ते सांगणार कोण? आणि माहीत असतं तरी उसन्या वस्तूला कात्री लावायची कुणाची छाती?

ही खोली मिस ओडेसाची. जिभेने तिखट, मनाने लोणी. वकिलांच्या मोठमोठ्या कचेऱ्या अशा पोरांसाठी उन्हाळी नोकरीची एखादी जागा राखून ठेवत, त्या हुडकून काढायचं तिचं काम. बाह्या ओढून, बटणं लावून ती पोरांना दाराबाहेर ढकलायची. पाठ बघायला तिला सवड कुठली!

निकाल मला कुणी सांगत नसे. माझा हिशेब साधा होता. ज्याला जागा मिळाली तो पुन्हा येत नाही, त्याचा स्वतःचा कोट होतो. हरलेलाच परत येतो. म्हणून प्रत्येकाला मी मनात म्हणायचो, जा लेकरा, पुन्हा तोंड दाखवू नकोस.

गाओनू मात्र परत आली. ही लाओसच्या डोंगरांतून इथे आलेल्या ह्मोंग लोकांतली मुलगी, आईबाप बाजारात भाजी विकणारे.

"काय गं, कोटाशी लग्न लावलंस की काय?" मिस ओडेसा म्हणाली.

"तोच एक नाही म्हणत नाही मला, मिस ओडेसा," गाओनू म्हणाली आणि हसली. ते हसू माझ्या अस्तराला बोचलं.

"ही राखीव जागा पुढच्या वर्षी नाही हं. सगळीकडेच बंद करतायत. मिळवलीस तर तू शेवटची."

त्या वेळी तिने मला घरी नेलं. तिच्या आईने मला उलटंपालटं केलं आणि पाठीवरची फुली पाहून तिचा चेहराच उजळला. त्यांच्याकडे जीव भ्यालेल्या माणसाच्या कपड्याला पाठीवर अशी फुली शिवतात, म्हणजे आत्मा भटकत नाही.

"अगं पोरी, तुझ्या कॉलेजात जाणती माणसं आहेत की! राखण घालून दिलीय."

"आई, ते दुकानातलं असेल काहीतरी."

"गप गं. दोरा किती कच्चा आहे बघ. मी पक्की करते."

आणि त्या माउलीने पांढऱ्यावर लाल दोरा भरला. इतक्या मायेने माझ्या अंगात आजवर कुणी सुई घातली नव्हती.

मुलाखत संपली. गाओनू दाराकडे वळली, तसा हॅल्व्हरसन नावाचा म्हातारा वकील घसा खाकरून म्हणाला, "रागावू नका, पण तो मागचा टाका कापायचा असतो. कात्री देऊ का?"

मी शरमेने मेलो. माझ्यामुळे पोरीची जागा गेली, दुसरं काय!

गाओनूने पाठीमागे हात नेला. लाल दोरा तिच्या बोटांना लागला. मग म्हणाली, "मला माहीत नव्हतं. आमच्या घरात हे सांगणारं कुणी नाही. आईला ती राखण वाटली, म्हणून तिने काल लाल दोऱ्याने पक्की केली. तुमच्या इथल्या अशा पुष्कळ गोष्टी मला ठाऊक नसतील. त्या मी शिकेन. पण हा टाका आज राहू दे."

म्हाताऱ्याने कात्री खाली ठेवली. उठून हसत हात मिळवला. इथली माणसं नकारही हसूनच देतात, त्यामुळे मला काही कळलं नाही.

शुक्रवारी तिने मला खुंटीवर अडकवलं, लाल टाक्यावरून बोट फिरवलं आणि गेली.

पुढे ती आली नाही. मी मनात नाचत होतो! मग राखीव जागाच उरल्या नाहीत आणि एक दिवस दारावरची पाटी काढली. मिस ओडेसाने आपली झाडाची कुंडी उचलली, आम्हा सगळ्यांवरून एकदा हात फिरवला आणि दिवा मालवला. तेव्हापासून खोलीला कुलूप आहे.

आता कुणीच येत नाही. आणि इथेच माझा हिशेब बुडाला. गाओनू जिंकली म्हणून आली नाही, की कुलूप पाहून दारातूनच परत गेली? कधी वाटतं, हरून का होईना, एकदा यावी. लगेच स्वतःचीच लाज वाटते.

तुमच्यापैकी कुणाकडे किल्ली असेल तर दार उघडा हो. तिने आत यावं, मी पुढे केलेली बाही हसून बाजूला सारावी आणि म्हणावं, "नको रे, माझा स्वतःचा आहे."