सोमारीचा फ्लेक्स

कुरखेड्याच्या चौकात बसमधून उतरलो आणि समोर माझी बायको दिसली. सोमारी. गेल्या भादव्यात मेंदूच्या मलेरियानं ती गेली. आता ती दोन बांबूंवर तारांनी ताणलेल्या मोठ्या फ्लेक्सवर होती. नाकात नळी, ओठ सुकलेले, डोळे अर्धे उघडे. फ्लेक्सला सुतळीनं झेंडूचा खरा हार बांधला होता. खाली उदबत्तीची राख आणि फुलं पडली होती.

इब्राहीम ऑटोवाला धावतच आला.

"मुखरूभाऊ, हार मीच घातलो भाभीले. कॉलेजवाल्यायनं एवढी मोठी श्रद्धांजली लावली अन् हार नाई. म्हणलं, हे काई बरं दिसत नाई."

"श्रद्धांजली हाये हे कोनं सांगतलं तुले?"

"गेलेल्या मानसाचा फोटो चौकात लावला. मंग का वाढदिवस हाये?"

मी जवळ जाऊन वाचलं. बरंचसं इंग्रजीत होतं. मराठीत एवढंच: 'अश्रू समजणारा अभियंता आम्ही घडवतो. इंजिनीअरिंगसोबत लिबरल आर्ट्स. प्रवेश सुरू.' खाली फोन नंबर. कोपऱ्यात कोट घातलेला संचालक दात दाखवत होता. बाजाराला आलेल्या बाया त्या फोन नंबरापुढे हात जोडून पुढे जात होत्या.

मला ओकारी आली. पानठेल्याच्या मागे जाऊन मी खरंच ओकलो आणि तोंड धुतलं.

माझी मुलगी उर्वशी त्या कॉलेजात आहे. चंद्रपूरच्या बाहेर, डांबरी रस्त्याला लागून. इलेक्ट्रिकलचं तिसरं वर्ष. प्रवेशाच्या वेळी सोमारी सोबत आली होती. तिथल्या माणसानं सांगितलं की बाकीचे दिवस इंजिनीअरिंग, आणि दर गुरुवारी भाषा, इतिहास, नाटक. सोमारी चौथीपर्यंत शिकलेली. तिनं त्याला विचारलं, "दोनीबी शिकवता का जी एकाच पोरीले?" तो हो म्हणाला. परत येताना बसमध्ये ती मला सारखी सांगत होती, "आपली पोरगी वायरबी जोडन अन् नाटकबी लिहन." उर्वशीला लहानपणापासून मंडईच्या जत्रेतल्या नाटकांचे संवाद पाठ. मला वाटत होतं, एकच काहीतरी नीट शिकावं. पण सोमारी इतकी खूश होती की मी गप्प बसलो.

आई गेल्यावर उर्वशीनं गुरुवारच्या वर्गात आईवर छोटं नाटक केलं. ती एकटीच उभी राहून बोलली आणि मागे पडद्यावर आईचा दवाखान्यातला फोटो होता. शिकवणाऱ्या रूही मॅडम नागपूरहून येत. त्यांनी ते मन लावून बसवून घेतलं, असं उर्वशी फोनवर म्हणाली. मी फार विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चंद्रपूरला गेलो. संचालकाची खोली थंडगार होती. काचेच्या पेटीत मासे फिरत होते.

"या, या. सोमारीताईंचे मिस्टर ना?" जन्मात न पाहिलेल्या बाईला तो ताई म्हणाला. "तुमच्या मुलीनं कमाल केली. नुसत्या इंजिनीअरला फीलिंग नसतं. आम्ही ते देतो. तेच तर लिबरल आर्ट्स."

"तो फ्लेक्स काढा."

"अहो, लोकांनी डोक्यावर घेतलाय." त्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला. कुरखेड्याचाच फ्लेक्स, इब्राहीमचा हार, समोर डोळे मिटून उभी असलेली एक म्हातारी. "आमच्या माणसानं काल काढला हा फोटो. माहितीपत्रकावर घेतोय. गावाचा सन्मान, असं खाली लिहू."

मी माशांकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहवत नव्हतं.

"आजच काढा," मी म्हणालो.

"प्रवेश संपले की काढायचेच आहेत. तुम्हाला ती नळी खुपते का? मग नळी काढून टाकतो. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम. म्हणाल तर ताईंना हसरं करून देतो."

"तिले हसवू नका."

"बरं, राहिलं. पण आम्ही फोटो चोरलेला नाही, हे लक्षात घ्या. तुमच्या मुलीनं स्वतः पाठवलाय."

त्यानं चहा मागवला होता. कागदी कपावर कॉलेजचं नाव होतं. मी तो तसाच ठेवून उठलो.

उर्वशी हॉस्टेलच्या पायरीवर बसली होती. मी येणार हे तिला कळलं असावं.

"फोटो तू देला?"

"हाव."

"काऊन?"

"यंदा तीस पोट्टे आले नाई तर गुरुवार बंद करनार होते. रूही मॅडमलेबी काढनार होते. सर म्हने, नाटकातला फोटो दे, लोकायच्या काळजाले लागन. मले वाटलं, आतल्या पानावर लहानसा टाकतीन."

"अन् मोठा लावला तवा?"

ती खाली पाहू लागली. "इथल्या बस स्टँडवर पाह्यलं आईले. मंग तिकडून जानंच सोडलं."

म्हणजे तिला माहीत होतं. तिची आई तिथे नळीसकट उभी होती आणि ही दुसऱ्या रस्त्यानं जात होती. मला पोरीचीही किळस आली. बापाला पोरीची येऊ नये, पण आली.

"आईलेच पायजे होतं ना बाबा? दोनीबी शिकावं म्हने. मी आईसाठीच केलं."

"आईचं नाव सांगू नको. तुले नाटक पायजे होतं."

तिनं मान वर केली. मग म्हणाली, "हाव. मले पायजे होतं."

मी उठून चालू लागलो. ती मागून आली, बसमध्येही मागच्याच सीटवर बसली. मूलचा स्टँड गेला, सिंदेवाही गेलं. ब्रह्मपुरीच्या स्टँडसमोर सोमारी पुन्हा दिसली. या फ्लेक्सवर तिच्या गालावर कोणीतरी खर्रा खाऊन थुंकलं होतं. मी मागे वळलो नाही, पण उर्वशीचं रडणं मला ऐकू येत होतं. मी ऐकत राहिलो.

कुरखेड्यात उतरल्यावर इब्राहीमला शिडी मागितली. त्यानं मंडपवाल्या आरिफकडून आणून दिली. मी पायरीवर पाय ठेवला तर उर्वशीनं मला बाजूला केलं, पिशवीतून पक्कड काढली आणि स्वतः चढली. मी शिडी धरली. धरावीच लागली, खालची जमीन उंचसखल होती.

भाजीवाली मीराबाई दुकान सोडून आली. "काऊन काढता गा? वर्ष तरी होऊ द्या तिचं! मी रोज फुलं वाहून राह्यली इथी."

"हाव ना," दुसरी म्हणाली. "गरिबाच्या बाईले कोन लावते एवढं मोठं? राहू द्या जी."

लोक जमले. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी सांगू शकत होतो. सांगितलं नाही. मी वर उर्वशीकडे पाहिलं.

तिनं पक्कड खाली घेतली. "मीराकाकू, हे श्रद्धांजली नोहोय. कॉलेजची जाहिरात होय. पोट्टे भरासाठी लावली."

कोणीतरी हसलं. त्याला गंमत वाटली असावी.

"आईचा फोटो मीच देला," ती म्हणाली. या वेळी आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू गेला. "कोनं मागं लागून नेला नाई. मी देला."

"म्हंजे मी जाहिरातीले फुलं वाह्यली?" मीराबाईनं विचारलं.

"हाव काकू."

"अन् माहा हार?" इब्राहीम म्हणाला.

"हारबी."

मीराबाई वाकली, पायथ्याची फुलं एकेक करून पदरात वेचली. उठून म्हणाली, "मायले असं नळी लावून चौकात उभं करते का वो पोरी? तुले शिकवते तरी काय तिथी?" आणि गेली. उर्वशीचे कान लाल झाले होते. ती तारा तोडू लागली.

एक बाजू सुटली तशी सोमारी दुमडून खाली आली. मी एका हातानं शिडी आणि दुसऱ्या हातानं तिला धरलं, जमिनीवर पडू दिलं नाही. इब्राहीमनं हार काढून घेतला आणि संचालकाच्या फोटोचा कोपरा गुंडाळीच्या आत घातला.

उर्वशी उतरली. "बाबा, ब्रह्मपुरीचाबी काढाचा हाये. वडशालेबी लावला म्हनते. चंद्रपुरात तीन हायेत."

चंद्रपूर सोडल्यापासून मी तिच्याशी बोललो नव्हतो. "अन् गुरुवार?"

"बंद होन."

"इंजिनीअरिंगचे मार्क त्यायच्याच हातात हायेत."

"हायेत."

मी इब्राहीमला विचारलं, शिडी ऑटोवर बांधून वडशापर्यंत जाता येईल का. "मागून लोंबन थोडी, पन जाते," तो म्हणाला आणि दोरी शोधू लागला. उर्वशी मागे जाऊन बसली. फ्लेक्सची गुंडाळी घेऊन मी तिच्या बाजूला बसलो. गुंडाळी ऑटोत मावत नव्हती. तिनं एक टोक धरलं, मी दुसरं.