शिवाचं पाचट

उमापुरात माझ्या शब्दाला कवडीची किंमत न्हाई. सुग्रीवनं तोंड उघडलं की माणसं आधी हसत्यात, मग इचारत्यात काय झालं. पण छबुकाकूला मी खरंच सांगितलतं, "काकू, तुझा शिवशंकर बिनइंजिनाच्या इमानात बसतो."

"मुडद्या, मग काय घारीवानी पंख हलवितो का?"

"घार तरी कुठं हलविती? दुसरं इमान त्याला दोरीनं वर वढून सोडून देतं. मग जिथं गरम हवा वर जाती तिथं गरगर फिरायचं, चढायचं, अन् पुढं घसरत जायचं."

"अन् हे असं कावून करतो?"

मी बी शिवाला तेच इचारलं होतं. पुण्याला नोकरीत, पन्नाशीचा गडी, अन् सुट्टी आली की ह्योच नाद. म्हणला, "सुग्र्या, वर इंजिनाची घरघर न्हाई, साहेब न्हाई, कुणी न्हाई. नुसता वारा. उतरूच वाटत न्हाई बे."

त्याच्या मनात एकच होतं. पुण्याहून उमापूर गाठायचं, मळ्यावर फिरून आईला दाखवायचं, अन् तसंच पुढं माजलगावच्या धरणापत्तोर जायचं. "त्या दिवशी पाचट पेटव," म्हणला. "जाळावर हवा तापती, मला चढाय मिळतं."

ऊस गेल्यावर रानात वाळला पाला ऱ्हातो, ते पाचट. काकूनं त्याचा ढीगच बांधाला राखून ठिवला. तिचा थोरला रामदादा काडी घेऊन निघाला की वरडायची, "हात लावू नको! ते शिवाचं हाय."

चैत्रात एका सकाळी फोन आला. "आज हवा झकास हाय. आईला मळ्यात आणून ठेव." फोन बंद केला अन् गडी उडाला.

ऊन चढता चढता काकू चुलीपुढं बसल्या बसल्या गेली.

शिवाचा फोन लागंना. त्याच्या क्लबातला माणूस म्हणला, रेडिओच्या बी पल्याड गेलेत. आमच्यात आईला अग्नी धाकट्याच्या हातचा लागतो. काकूला मळ्यात आणली, सरण रचलं, अन् मयतीला आलेली समदी माणसं आभाळाकडं बघत बसली.

ऊन कललं. रामदादा म्हणला, "अजून किती ठिवायचं तिला?"

तेवढ्यात पश्चिमेला पांढरं काहीतरी दिसलं. लई खाली. तिकडंच कुणाच्या तरी रानात टेकणार असं. तिथून त्याला हुडकून आणाय रात झाली असती. मी पळत जाऊन पाचटाला काडी लावली.

धूर उभा ऱ्हायला, अन् शिवा वळला! डोक्यावर आला. माणसं टोप्या, उपरणी हलवाय लागली, "उतर! शिवा, उतर!" त्यानं पंख डुलवले. धुरावर एक फेरा घेतला, दुसरा घेतला. दर फेऱ्याला वरच.

तवा माझ्या टाळक्यात उजेड पडला. पाचट त्याला बोलवाय नव्हतंच. पुढं धाडाय होतं.

"थांब बे!" म्हणत मी वंजळीनं माती टाकाय लागलो. जाळ कुठं ऐकतो? त्यो घारीएवढा झाला, चिमणीएवढा झाला, अन् माजलगावाकडं गेला.

रामदादानं खाली मान घालून अग्नी दिला.

सरण ढासळत आलं तवा फोन वाजला. "सुग्र्या! धरण गाठलं बे! तुझा जाळ नसता तर तिथंच रानात पडलो असतो. अन् सारा गाव आलता हात हलवाय! आई कुठं उभी होती? मला दिसली न्हाई."

"शिवा, काकू गेली. सकाळीच."

तो खदाखदा हसला. "गप बे. आज तरी थट्टा नको. दे तिला फोन."

मी रामदादापुढं फोन धरला. त्याच्यानं घेववंना. तिथंच फोन हातात धरून उभा ऱ्हायलो. लाकडं तडतडत होती.

"सुग्र्या?" पलीकडून आवाज आला. आता त्यात हसू नव्हतं. "पाचट अजून जळतंय व्हय?"

पाचट तर कवाच विझलतं.