मिरवणुकीतली उलटी हार्प

मित्रांनो, देवाची गाणी वाजवता वाजवता म्हातारी झालेली मी एक हार्प आहे. पेरू देशाच्या डोंगरातल्या एका गावात, मला वाजवणाऱ्या हिलारियोच्या वडिलांनी मला घडवले. माझे पोट नावेसारखे फुगीर. आमच्याकडे मिरवणुकीत मला उलटी करून खांद्यावर घेतात आणि चालता चालता वाजवतात. मागून बायका क्वेचुआ या आमच्या डोंगरी भाषेत भजने गातात. काय तो आनंद!

मग दिवस पालटले. शाळेत फक्त स्पॅनिश आली. शहरात क्वेचुआ बोलणाऱ्याला लोक हसत. पोरे घरीही स्पॅनिश बोलू लागली. मी बटाट्यांच्या पोत्यांमागे पडून राहिले. सणापुरती तेवढी बाहेर यायची.

गेल्या वर्षी सणाच्याच दिवशी गावात कोणती भाषा बोलतात याची नोंद करायला एक सरकारी बाई आल्या. 'इथे क्वेचुआ बोलतात' असे त्यांनी लिहिले, तरच शाळेला ती भाषा शिकवणारा शिक्षक मिळणार होता. पण आमची माणसे भारी अगत्याची! पाहुणीला अवघड वाटू नये म्हणून सगळ्यांनी स्पॅनिशमध्येच उत्तरे दिली. बाईंनी लिहून टाकले, 'इथे क्वेचुआ बोलत नाहीत.'

हिलारियोने ग्रेगोरिया आजीकडे बघत कपाळावर हात मारला. "ग्रेगोरिया, स्पॅनिशचे चार शब्द येतात तुला, ते सगळे आजच खर्च केलेस होय?"

"मग पाहुणीसमोर मुक्यासारखी बसू? ऊठ, म्हाताऱ्या! मेरीमातेची मूर्ती चर्चबाहेर आलीसुद्धा."

मिरवणूक निघाली. ग्रेगोरिया आजीने सूर लावला आणि तिच्यामागून सारा गाव गाऊ लागला. पोरेसुद्धा! आईच्या पाठीवर बांधलेली असतानाच ती गाणी त्यांच्या कानात मुरली होती. देवाशी बोलताना कुणाला पाहुण्यांची भाषा आठवते, मित्रांनो?

बाई थबकल्या. मग त्याही हळूच गाऊ लागल्या.

"अगं बया, तुला येतं की!" आजी म्हणाली. "मग सकाळपासून आमची जीभ का वाकडी करायला लावलीस?"

"माझी आई हेच गायची, आजी. चला, पुन्हा विचारते. आपल्या भाषेत."

आणि त्यांनी ती ओळ खोडली.

आता नवे गुरुजी दर शुक्रवारी मला वर्गात नेतात. माझी एक तार तुटलेली आहे, लाकडाला भेग आहे, पण मी सुखात आहे. तुमच्या घरी एखादे वाद्य पडून असेल, तर त्याची धूळ पुसा. आणि आजी तिच्या बोलीत हाक मारील, तेव्हा तिच्याच बोलीत 'ओ' द्या.