डावीकडचा बाक

आमच्याकडे मुलगा झाला की अंगणात सफरचंदाचं झाड लावतात, मुलगी झाली की नाशपतीचं. माझं झाड गोठ्यामागे होतं, धाकट्या भावाचं, आल्फोन्सचं, त्याच्या शेजारी. विशीत मी दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या एमिलशी लग्न ठरवलं, तेव्हा बाबा गावच्या खानावळीत सगळ्यांसमोर म्हणाले, "क्लारा गेली तर तिचं झाड आडवं करीन." मी गेले. बाबा शब्दाचे पक्के, आणि मीही त्यांचीच मुलगी. एकतीस वर्षं त्या अंगणात पाऊल टाकलं नाही. बाबांच्या मातीलाही गेले नाही.

दर सप्टेंबरात मात्र आम्ही आगबोटीने बोडन्झे तलावाची सहल करायचो. जाताना गाव उजव्या हाताला यायचं. धक्का जवळ आला की मी उठून डावीकडच्या बाकावर बसायचे, नुसतं पाणी बघत.

या वर्षी एमिलने मला न विचारता तिकिटंच गावापर्यंतची काढली आणि सायकली बोटीत चढवल्या.

"झाड नसलं तर?" उतरल्यावर मी विचारलं.

"नसलं तर नसलं. नाहीतरी एकतीस वर्षं त्याचं सुतक पाळतेच आहेस."

"तोंड आवर आणि पॅडल मार."

मक्याच्या शेतांमधून चढ होता. कुरणात नुकतंच खत टाकलेलं. त्या वासाने मी सायकल थांबवून डोळे पुसले. हसू नका, शेणखताच्या वासाला रडणारी बाई मीच. मला माझं झाड हवं होतं, दुसरं काही नको होतं.

गोठ्याला वळसा घातला. नाशपती उभी होती, छपराहून उंच, फळांनी वाकलेली. शेजारी आल्फोन्सच्या झाडाच्या जागी नुसतं गवत.

आल्फोन्स बादली घेऊन बाहेर आला. "आलीस होय? रस्ता फारच लांब होता वाटतं."

"तुझं झाड कुठंय?"

"बाबांनी पाडलं. तू गेलीस त्याच आठवड्यात."

"तुझं? ते का?"

"चारचौघांत बोलून बसले होते ना! करवतीचा आवाज गावाला ऐकू जायलाच हवा होता. मी म्हटलं, बाबा, हे माझं आहे. तर म्हणाले, माहीत आहे, गप्प बस आणि करवतीचं दुसरं टोक धर."

मला हसू आलं, आणि लगेच संताप. "मग एक पत्र टाकायला काय झालं होतं त्यांना?"

"बाबा आणि पत्र? दर सप्टेंबरात तुझ्या झाडाची पहिली टोपली उतरवली की ते धक्क्यावर जाऊन बसायचे. नऊ वर्षं, मरेपर्यंत. एकदा घरी येऊन म्हणाले, ती बोटीवर होती. पाठमोरी."

आल्फोन्सने टोपली भरून दिली. मी नको म्हटलं नाही.

परतताना गाव डाव्या हाताला येतं. मांडीवर टोपली घेऊन मी त्याच बाकावर बसले. धक्क्यावर कुणी नव्हतं. धक्का दिसेनासा होईपर्यंत मी हात हलवत राहिले, आणि टोपली घसरू नये म्हणून एमिलने ती धरून ठेवली.